पानेलाच्या नऊ संध्याकाळी

आई गेल्यावर घरात नऊ संध्याकाळी जपमाळेची प्रार्थना झाली. सगळ्या पोपायान शहरातून माणसं येणार, म्हणून आईची मांजर पानेला आम्ही तेवढे दिवस प्राण्यांच्या पाळणाघरात ठेवली होती. पूर्वी ती अगदी हलक्या आवाजात बोलायची. परत आली ती बसलेला घसा घेऊन, आणि आईच्या बंद दारापुढे बसून लांबलचक हाका मारू लागली.

"देऊन टाक कुणाला तरी," एउलालिया मावशी म्हणाली. "ही बया तुझ्या आईला सुखानं जाऊ द्यायची नाही."

"डॉक्टर म्हणाले, घसा सुधारेल."

"घसा सुधारेल गं. हाका थांबतील का?"

"मावशी, आपण नऊ दिवस रडून घेतलं. हिला कुणी रडू दिलं?"

मी दार उघडलं. पानेला पलंगावर चढली, उशी हुंगून ओरडली. मी तिच्याशेजारी बसले.

"ही हिची पहिली संध्याकाळ. उरलेल्या आठही मी इथेच बसणार. मांजर कुठेही जाणार नाही."

मावशी उंबऱ्यातच थांबली. "मग मांजरीसाठी जपमाळही आणू का आता?"

"आण," मी म्हणाले. "आणि कॉफीही. प्रार्थनेला बसलेल्यांना देतोच ना आपण."