झेंडूच्या हाराखालची फ्रेम

विजयादशमीची दुपार कलली होती. लातूरच्या एका प्रादेशिक वाहिनीच्या नियंत्रण कक्षात अभियंता धम्मप्रिया एकटीच बसली होती. तिच्या पडद्यावर नांदेडच्या केंद्रातील उपकरणांची स्थिती उमटत होती. तेथे एका लोखंडी फ्रेममध्ये इलेक्ट्रॉनिक कार्डे ओळीने बसवलेली होती. कार्यक्रमाचे चित्र आणि ध्वनी त्यांतूनच पुढे जात. त्या कार्डांची मांडणी तिने येथूनच संगणकावरून केली होती, आणि त्यांची उष्णताही ती येथूनच पाहत असे.

सायंकाळी नांदेडच्या मैदानावरील बुद्धवंदना थेट प्रक्षेपित व्हायची होती. किनवटला तिची आई सरजाबाई खुब्याचे हाड मोडल्याने अंथरुणाला खिळली होती. आजवर कधी न चुकलेली वंदना यंदा तिला टीव्हीवरच लाभणार होती.

आणि मुख्य कार्डाची उष्णता चढत होती. ती मर्यादेपलीकडे गेली की कार्ड आपोआप बंद पडे. राखीव कार्डही त्याच फ्रेममध्ये, तेही तापलेले. फ्रेमचे पंखे मात्र पूर्ण वेगाने फिरत होते. इशाऱ्याची मर्यादा वाढवून तांबडा दिवा विझवणे तिच्या हाती होते. तेवढ्याने कार्ड थंड झाले नसते. तिने केंद्राची देखभाल करणाऱ्या भगवानरावांना फोन लावला.

“काका, फ्रेमजवळ काही बदललंय का?”

“न्हाई ताई. कालपासून बोट लावलं न्हाई. एसी बी चालू हाय.”

“कालपासून? रोज तर फडकं मारता.”

“काल खंडेनवमी व्हती की! पूजल्यावर शिलंगण झाल्याबिगर हात लावत नसतेत. झेंडूचा हार घातलाय, असा गच्च! लातूरहून सगळं दिसतं म्हणता, अन् हार दिसंना?”

“हार नाही दिसत, काका. कुठं घातलाय?”

“समोरून. देवाच्या पाठीला हार घालतेत व्हय?”

धम्मप्रिया थबकली. पंखे हवा घेत ते समोरच्या जाळीतूनच. हार काढण्याची आज्ञा देणे तिच्या अधिकारात होते. परंतु तिच्या घरी खंडेनवमी पूजली जात नाही, हे भगवानरावांना ठाऊक होते. आज्ञेने हार निघाला असता, आणि त्यांच्या मनात एक सल राहिला असता.

“काका,” ती सावकाश म्हणाली, “फ्रेम समोरूनच श्वास घेते. हारानं तो कोंडलाय. अशीच तापली तर वंदनेआधी बंद पडेल. माझी आई किनवटला टीव्ही लावून बसलीय.”



“म्हंजे पूजाबी मीच केली, अन् नरडंबी मीच आवळलं.”

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग क्षमायाचनेचे अस्फुट शब्द. पडद्यावरील आकडा थांबला, आणि हळूहळू उतरू लागला.

“काढला. आता ठेवू कुठं? भुईवर न्हाई ठेवत मी.”

“समोर स्टूल घ्या, हातभर लांब. त्यावर ठेवा.”

“हे बेस झालं. दर्शनबी अन् वाराबी. आईला सांगा, चित्र जात न्हाई. शिलंगणाला पोरं जातील, मी हितंच बसतो.”

वंदना सुरू झाली. थोड्याच वेळात किनवटहून फोन आला. “दिसतंय गं,” सरजाबाई म्हणाली, “आवाजबी चांगला येतोय. तू जेवलीस का?”

धम्मप्रियेने नांदेडला फोन लावला, आणि आईचे शब्द भगवानरावांना जसेच्या तसे ऐकवले.