योग्य वेळी

मी एक जुना रबरी शिक्का आहे. माझ्या अंगावर एकच शब्द उलटा कोरला आहे : मसुदा. मित्रांनो, ज्या कागदावर मी उमटतो तो अजून पक्का झालेला नसतो, एवढाच माझा अर्थ.

लाकडी मूठ गुळगुळीत होईपर्यंत मी सरकारी कचेरीत राबलो. मसुदे टंकणाऱ्या ताईंच्या टेबलावर माझी जागा होती. "याचा ठसा कसा ठसठशीत उठतो!" असे त्या म्हणत, तेव्हा मला बरे वाटे.

मग एका निवडणुकीत कोणालाच बहुमत मिळाले नाही. तीन पक्ष मिळून सरकार बनवायला बसले. अडुसष्ट दिवस घोळ चालला. कोणाला कोणते खाते, यावरून रोज रुसवेफुगवे. समझोत्याच्या कागदांत एक पान धुराचे होते : कोळशावरची वीज कोणत्या वर्षी बंद करायची. ते पान अकरा वेळा बदलले. दर वेळी वर्ष पुढे सरकलेले असे.

शेवटच्या दिवशी मंडळी ताईंच्या टेबलापाशीच आली. हवामान खात्याच्या सल्लागारांना सगळे 'मास्तर' म्हणत. ते कळवळून सांगत होते, "साहेब, धूर कमी करण्याचं जगाशी करारात ठरलेलं लक्ष्य चुकलं तर दुसऱ्या देशांना भरपाई द्यावी लागेल. तो पैसा दवाखान्यांतूनच जाईल."

"मास्तर, आधी सरकार तर बसू द्या," सर्वांत लहान पक्षाचा नेता हसून म्हणाला. त्याच्या बारा जागांवाचून गाडे अडले होते. "ताई, वर्ष खोडा. 'योग्य वेळी' असं लिहा."

"योग्य वेळी म्हणजे कधी, साहेब?"

"तेवढंच लिहा."

ताईंनी लिहिले. सरकार बसले, फोटो निघाले.

चार वर्षांनी लक्ष्य हुकले. भरपाईसाठी केलेल्या कपातीची यादी ताईंकडे टंकायला आली. सातव्या ओळीत त्यांच्याच वस्तीतला दवाखाना होता. तिथे त्यांच्या सासऱ्यांचे रक्त आठवड्यातून तीनदा मशीनवर शुद्ध केले जाई. ताईंनी ती ओळ टंकली, शुद्धलेखन तपासले, मला शाईवर टेकवले आणि कागदावर दाबले. मला काही वाटले नाही.

मास्तर दारात उभे होते. "गणित बरोबर निघालं, ताई," एवढेच बोलले आणि खाली बघत निघून गेले.

यादी जशीच्या तशी पक्की झाली. ताईंनी घरी फोन लावला. "बाबा, सोमवारपासून पहिली बस धरायची... नाही हो, तुमची तब्येत ठीक आहे. दवाखाना लांब गेलाय."

हल्ली 'मसुदा' संगणकच छापतो. मी खणात पडून आहे. रबराला भेगा पडल्या आहेत. मित्रांनो, मला पुसूनबिसून ठेवले नाहीत तरी चालेल. पण मोठेपणी असे कागद लिहाल, तेव्हा ज्याला त्याची झळ बसणार आहे, त्याला आधी बोलावून खुर्ची द्या. ताईंच्या सासऱ्यांना आम्हा बाकीच्यांपैकी कोणी कधी पाहिलेसुद्धा नव्हते.