उल्काची अकरा चित्रं

सुधाकर टिपणीसांनी घर विकलं तेव्हा त्यांच्याकडे अमेरिकन कॉमिक्सची सव्वीस खोकी होती आणि ती सगळी बाजूच्या दाराला टेकवून रचलेली होती. लोक असल्या वस्तू बेसमेंटमध्ये ठेवतात, फार तर पलंगाखाली सारतात. ड्राइव्हवेकडे उघडणारं धडधाकट दार बंद करून त्याच्यापुढे खोक्यांची भिंत उभी करणारा अख्ख्या विंडसरमध्ये हा एकच गृहस्थ, म्हणजे कॅनडातल्या विंडसरमध्ये. कोणी विचारलंच तर सांगायचे, तिथून वारा फार येतो. एकोणऐंशीव्या वर्षी माणूस काहीही सांगू शकतो, कोणी फारसं खोदून विचारत नाही.

वाऱ्याचा काही संबंध नव्हता. त्या दारावर थाप पडायची.

दर हिवाळ्यात, नदी काठाला गोठली की, पाचच्या सुमारास उजेड जाता जाता. आधी तीन थापा, मग जरा थांबून एक. त्यानंतर दाराच्या आतल्या बाजूला, पायपुसण्याभोवती, पाणी साचलेलं असायचं. प्लंबर दोनदा येऊन गेला. इथून पाइप जातच नाही, म्हणाला. सुधाकररावांनी नुसती मान डोलावली, कारण पाइप नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. तीन थापा आणि एक, ही उल्काची सवय होती. किल्ली न्यायला ती कायम विसरायची.

उल्का त्यांची एकुलती एक मुलगी. बावीस वर्षांपूर्वी, एकोणीस वर्षांची असताना, फेब्रुवारीत नदीवरचा बर्फ फुटून ती खाली गेली. पोलिसांनी अपघात असं लिहिलं. सुधाकररावांना मात्र खरं काय ते माहीत होतं, आणि ते त्यांनी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

कॉमिक्सचा नाद मुळात त्यांचाच. एकाहत्तर साली ते गाड्यांच्या कारखान्यात आले, सुट्या भागांची ड्रॉइंग तपासायच्या कामावर. केसाएवढी चूक त्यांच्या नजरेतून सुटायची नाही, आणि घरीदारी ते हे ऐकवायला विसरायचे नाहीत. इथलं बोली इंग्रजी ते कॉमिक्समधून शिकले. पुढे उल्का झाली, तेव्हा दर शनिवारी तिला गाडीत घालून नदीवरचा पूल ओलांडायचा, पलीकडे अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या दुकानातून नवे अंक आणायचे, असा नेमच झाला. अमेरिकन कॉमिक्सना ते ‘आमची’ म्हणायचे, जशी काही ती चिपळूणला छापली होती. रंगीत पानं, पिळदार नायक, शेवटच्या पानावर खलनायक चीतपट. एकदा एका अंकात नायकच मेला आणि सात वर्षांची उल्का जेवेना. तेव्हा त्यांनी तिला मांडीवर घेऊन सांगितलं होतं, “रडू नकोस. हे लोक कोणाला कायमचं मरू देत नाहीत. येतो बघ परत.” आणि वर्षभरात तो आलाही, नवा अंगरखा घालून.

पुढे उल्का तेराचौदा वर्षांची झाली आणि शाळेतून आल्यावर टीव्हीवर जपानी कार्टून बघायला लागली. मग पुस्तकं आली. सुधाकररावांनी ती लांबूनच पाहिली. बिनरंगाची, बशीएवढे डोळे, आणि पानंच्या पानं नुसता पाऊस पडतोय.

“ह्यात होतं काय?” ते विचारायचे.

“नथिंग हॅपन्स, बाबा. दॅट्स द पॉइंट. ट्राय वन. जस्ट वन.”

एक पुस्तक तिनं आठवडाभर त्यांच्या खुर्चीत ठेवलं होतं. त्यांनी ते उघडलंसुद्धा नाही, तसंच उचलून तिच्या खोलीबाहेर ठेवलं.

मग ती तसलीच चित्रं काढायला लागली, आणि बारावीनंतर इंजिनिअरिंग सोडून चित्रांच्या कॉलेजात अप्लाय करून मोकळी झाली. तिला प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं त्या संध्याकाळी घरात जे झालं ते बापलेकींत होतंच, पण एक वाक्य सुधाकरराव बोलायला नको होते. ते म्हणाले, “ह्या कागदांसाठी घराबाहेर पडायचं असेल तर परत यायची गरज नाही.” ती बाजूच्या दारातून गेली. त्यांनी उठून कडी लावली. त्यांची बायको, प्रमिलाताई, स्वयंपाकघरातून बघत होत्या.

उल्का चार दिवस रुचाकडे राहिली, म्हणजे शाळेपासूनच्या मैत्रिणीकडे. पाचव्या दिवशी संध्याकाळी ती नदीवरच्या बर्फात गेली. रुचानं तिची बॅग आणून दिली, त्यात एक वही होती. दोन्हीकडे कोरा खाकी पुठ्ठा, मध्ये स्टेपल मारलेली अकरा पानं, प्रत्येक पानावर एकच चित्र आणि शब्द एकही नाही. सुधाकररावांनी ती गराजमध्ये उभ्या उभ्या वाचली. पहिल्या पानावर दार आणि दारात एक म्हातारा, हात कडीवर. त्यांना वाटलं, रागानं मला म्हातारा काढलाय. तेव्हा त्यांचे केस काळेभोर होते. दुसऱ्या पानावर दार बंद, त्याच्यासमोर पाठमोरी मुलगी. मग पायरी. मग ड्राइव्हवेवर बर्फात उमटलेली पावलं. मग गल्ली, मग रस्ता, मग नदीकाठचा कठडा. दहाव्या पानावर बर्फाला पडलेलं भगदाड. अकरावं पान पूर्ण काळं.

बापानं दार लावलं आणि मुलगी नदीवर गेली. ह्याला अपघात कोण म्हणेल? त्यांनी वही एका खोक्यात कॉमिक्सच्या तळाशी घातली आणि पुन्हा कधी उघडली नाही. प्रमिलाताई मरेपर्यंत सगळ्यांना सांगत राहिल्या, घसरली हो पोरगी. निदान तिला तरी हे कळू नये, एवढं एक पुण्य आपण केलं असं सुधाकररावांना वाटायचं.

पुढच्याच हिवाळ्यात पहिली थाप पडली. प्रमिलाताईंनी कान टवकारले.

“दार वाजलं का हो?”

“वारा आहे.”

“उघडून बघते.”

“वारा आहे म्हटलं ना.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी खोकी वर आणून दाराला लावली. कारण आपल्या कडीमुळे जी गेली ती परत आली असेल तर जाब विचारायलाच आली असेल, आणि तिला तोंड दाखवायची हिंमत त्यांच्यात नव्हती. भीती वाटत होती, दुसरं काही नाही. प्रमिलाताईंना त्यांनी पुढची सतरा वर्षं ते दार उघडू दिलं नाही. मग त्याही गेल्या.

आता घर विकलं होतं. फेब्रुवारीच्या शेवटी चाव्या द्यायच्या आणि म्हाताऱ्यांच्या रेसिडेन्समध्ये एका खोलीत जाऊन राहायचं. खोकी नेणार कुठे? त्यांनी कॉमिक्सच्या दुकानात फोन केला. तिथल्या माणसानं अदबीनं सांगितलं की तसल्या अंकांनी त्याचं गोदाम आधीच भरलंय, पण मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, असतील तर आजच घेऊन या. सुधाकररावांनी फोन ठेवला आणि दहा मिनिटं जपान ह्या देशाबद्दल बोलत राहिले.

ते ऐकायला कस्तुरी होती. ही संगमनेरची मुलगी, इथल्या कॉलेजात शिकत होती, संध्याकाळी ग्रोसरीच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची आणि दीड वर्ष त्यांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहत होती. पीआरची, म्हणजे इथे कायमचं राहायच्या परवान्याची काळजी, असाइनमेंटची काळजी, आणि उरलेल्या वेळात मांगा.

“काका, आमच्या वर्गात पंजाबी, चायनीज, गोरे, सगळे हेच वाचतात,” ती म्हणाली. “मॉलमधल्या दुकानात जाऊन बघा. मांगाची पाच कपाटं आणि तुमच्या हीरोंचा एक कोपरा. तेही सेलवर.”

“आमच्यात रंग आहे. न्याय आहे.”

“तुमच्यात कोणी मरतच नाही, काका. मेलं तरी सहा महिन्यांनी परत. मग रडायचं कशाला? आमच्यात गेलेलं माणूस गेलंच. मागे राहिलेले म्हातारे होतात. दहा पानं नुसतं रिकामं अंगण दाखवतील, पण पान उलटवत नाही.”

सुधाकररावांनी हे उल्काच्या तोंडून पूर्वी इंग्रजीत ऐकलं होतं.

खोकी गराजमध्ये हलवायला दोघांना तीन दुपारी लागल्या. तिसऱ्या दुपारी शेवटच्या खोक्याचा तळ कस्तुरीच्या हातात सुटून आला. ओला झाला होता.

“काका, इथे पाणी येतंय बघा.”

“असू दे.”

पण ती अंक उचलायला वाकली होती आणि खाकी वही तिच्या हातात आली होती. सुधाकरराव काठी टेकत पोचेपर्यंत तिनं ती उघडलीही. आणि त्यांनी पाहिलं की ती चुकीच्या टोकाकडून वाचतेय. काळं पान आधी.

“वही उलटी धरलीस,” ते म्हणाले. स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटला.

“नाही, काका, बरोबर आहे. मांगाच आहे ना ही? बघूनच कळतंय. उजवीकडून वाचायची.” तिनं जाऊन आपलं एक पुस्तक आणलं आणि सुधाकरराव जिथून उघडले असते तिथून उघडून दाखवलं. तिथे इंग्रजीत मोठी सूचना छापलेली होती: थांबा, हा शेवट आहे, दुसऱ्या बाजूनं सुरू करा. “नवीन माणसं चुकतात म्हणून हे पान घालतात. ह्यात नाही घातलं. घरच्यांसाठी असेल, त्यांना कशाला सांगायचं?”

मग ती वही वाचत गेली आणि एकेक पान त्यांना सांगत गेली, कारण समोरचा माणूस भिंतीला धरून का उभा आहे हे तिला माहीत नव्हतं. “काळोख. मग बर्फ फुटलाय. मग कठडा. म्हणजे वर आली ती. रस्ता. ही तुमची गल्ली ना? दार. दारावर थाप मारतेय. आणि दार उघडलं. परत आलेल्या मुलीची गोष्ट आहे, काका. मस्त आहे.”

“पावलं दाखव,” सुधाकरराव म्हणाले.

तिनं ड्राइव्हवेचं पान पुढे केलं. त्यांनी चष्मा वर करून ते डोळ्यांशी नेलं, कारखान्यात ड्रॉइंग न्यायचे तसं. बुटांच्या टाचा रस्त्याकडे होत्या. चवडे घराकडे. प्रत्येक पावलाचे. पाठमोऱ्या मुलीच्या केसांतून पायरीवर पाणी ठिबकत होतं, ती शाई सांडली असं ते बावीस वर्षं धरून चालले होते. केसाएवढी चूक ज्याच्या नजरेतून सुटत नाही, त्या माणसानं आपल्या मुलीची पावलं तपासली नव्हती. निकाल आधीच लावून ठेवला होता.

ती परत येत होती. त्या चार दिवसांत, मैत्रिणीच्या घरी बसून, तिनं घरी येण्याचं चित्र काढलं होतं. आणि बाहेर उभी राहून जी इतकी वर्षं थापा मारत होती ती जाब विचारायला नाही, घरात यायला मारत होती. प्रमिलानं उघडलं असतं. प्रमिला उठलीही होती. सुधाकररावांना रडू आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही.

कस्तुरी बावरली. “सॉरी, काका. कोणी काढलंय हे?”

“माझ्या मुलीनं.”

“रिसेंटली?”

“दोन हजार तीन साली.”

कस्तुरीनं शेवटचं पान पुन्हा पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं, मग पुन्हा पान. दारातल्या म्हाताऱ्याच्या हातात काठी होती. अंगात गुडघ्यापर्यंत लोंबणारं स्वेटर होतं, आणि त्याच्या सगळ्या बटणांत तिसरं तेवढं काळं भरलेलं होतं.

“हे बटण मी लावलं,” ती हळू म्हणाली. “ह्या दिवाळीत. तपकिरी मिळालं नाही म्हणून काळं लावलं.”

सुधाकररावांनी मान खाली घालून आपलं बटण पाहिलं.

साडेचारला कस्तुरी कामावर निघाली. एकटे राहाल ना, असं तिनं दोनदा विचारलं. ते राहीन म्हणाले. ती पुढच्या दारानं गेली आणि तिची बस गेल्याचा आवाज आला. सुधाकररावांनी बाजूच्या दाराचा बाहेरचा दिवा लावला. बल्ब लागेल असं वाटलं नव्हतं, पण लागला. कडी गंजली होती, ती त्यांनी तेल घालून दोनतीनदा मागेपुढे करून मोकळी केली. मग खुर्ची ओढून ते दारापाशी बसले. बाहेर बारीक बर्फ पडत होता. नदीपलीकडे डेट्रॉइटचे दिवे लागायला लागले होते.

पाचला थाप पडली. तीन, आणि थांबून एक.

भीती वाटलीच. ती काय अशी जाते? पण ते काठी टेकून उठले, आणि उठताना त्यांच्या मनात आलं की आपण चित्रातल्यासारखेच उभे आहोत, एवढंच करायचं आता बाकी आहे. त्यांनी कडी काढली आणि दार उघडलं.

पायरीवर कोणी नव्हतं. गार हवा आत आली, तिला नदीचा वास होता. सुधाकररावांनी आधी खाली पाहिलं. ताज्या बर्फातून, रस्त्यापासून दारापर्यंत, बुटांची एकच रांग आली होती. आलेलीच होती, गेलेली नव्हती. त्यांनी वाकून शेवटचं पाऊल नीट तपासलं. चवडा घराकडे होता.

लहानपणापासून उल्का ह्या दारातून आली की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं: आधी पाय पूस. ते ओठावर आलंही.

“राहू दे,” ते म्हणाले आणि दार पूर्ण उघडून बाजूला झाले. “पाय नको पुसूस. तशीच ये.”