दोरा बांधलेली करडई

शहाऐंशीच्या दुष्काळात उमापूरच्या सोसायटीच्या विहिरीला पाणी तळाशी होतं, तरी त्रिंबक सरांच्या करडईला रोज घागरी मिळत. सर गेवराईच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. बी रसायनात भिजवून त्यांनी तीनशे झाडं लावली होती. चेअरमन आप्पारावांना त्यातलं एवढंच कळलं होतं, की नवं वाण निघालं तर त्याला आपलं नाव देता येईल.

"रसायनानं पेशीतले गुणसूत्रांचे धागे तुटतात अन् भलतीकडंच जुळतात," सर सांगत. "सगळ्या झाडांत नाही. ही वाकड्या पानांची सात, यांच्यावर माझा संशय आहे. खात्री कळ्या आल्यावर, सूक्ष्मदर्शकाखाली."

सातांना त्यांनी लाल दोरे बांधले. आप्पाराव म्हणाले, "मग सातांनाच पाणी पाजू." पाणी घालणाऱ्या दगडाबाईला हे सांगायचं मात्र दोघांनी एकमेकांवर सोडलं.

पुढच्या सोमवारी सर आले, तर दोरे गायब.

"मावशी, दोऱ्याची झाडं?"

"उपटली की. बियाण्याच्या प्लाटात सायेब भेसळीला दोरा बांधतो अन् आमी उपटतो. दरसाल सांगावं लागतंय व्हय?"

"टाकली कुठं?"

"कवळी करडई कुणी टाकतंय? भाजी केली. सकाळीच खाल्ली."

 सरांनी आधी विचारलं, "सातही?" बऱ्याच वेळानं, "पोट दुखत नाही ना?"

"सहाच व्हती. काहून, इख व्हतं का त्यात?"

"नाही, नाही. बी धुतलं होतं."

सरांबरोबर आलेले आप्पाराव तिला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, गावात बोलू नको."

सहाच उपटली, म्हणजे एकाचा दोरा वाऱ्यानं गेला होता आणि ते सातवं झाड अजून उभं होतं. पण कुठलं? आठवडाभराच्या उन्हानं आता सगळीच पानं वाकडी झाली होती.

"सगळ्यांना पाणी द्या," सर म्हणाले. "कळ्यांना दीड महिनाच आहे."

"माणसाला न्हाई अन् करडईला? पन्नास झाडं निवडा. जास्त न्हाई," आप्पाराव म्हणाले.

सर ओळीत शिरले. एका झाडाकडे बोट करत, दोन पावलं पुढं जात, पुन्हा मागं येत. मधेच मावशीला पोटाचं विचारत.

"पोट बरं हाय," ती म्हणाली. "घागर जड झालीया. बोला, कुठं वतू?"

सरांनी बोट उचललं, आणि पुन्हा खाली घेतलं.