मानेवरचा मळ

माझ्या आईला, चंद्रभागाबाईला, घाण सहन होत नाही. तिच्या घरात चुलीमागे बोट फिरवलं तरी काजळी लागत नाही. अशा बाईच्या धाकट्या लेकीची मान काळी पडावी, म्हणजे तिला नाक कापल्यासारखंच वाटायचं. सत्यशीला एकोणीस वर्षांची. चेहरा उजळ, अंगानं भरलेली, पण मान मागून काळपट, जाड आणि खरखरीत. काखेतही तसंच.

फेब्रुवारीत मी माहेरी आले तेव्हा हळद शिजवायचं काम जोरात होतं आणि आठ दिवसांनी आखाडा बाळापूरचे पाहुणे तिला बघायला येणार होते. मुलगा शाळेत मास्तर. घरादाराचा जीव त्या मानेत अडकला.

"आंघोळ धड करत न्हाई, म्हणून मळ साचला," माय म्हणाली.

मग रोज सकाळी न्हाणीत एकच उद्योग. लिंबू, घरची हळद आणि टाचा घासायची वजरी. सत्यशीला कळवळायची. "माय, लई आग होऊन राहिली, सोड की!" ती हात मध्ये आणायची, म्हणून तिचे हात मी धरायचे. हो, मीच. चार दिवस सोसलं तर जन्माचं कल्याण होईल, असं मला वाटत होतं. एवढी शहाणी मी.

तिसऱ्या दिवशी ज्योती आली, सरकारी दवाखान्याकडून घरोघर फिरणारी गावातली आशाताई. तिनं ती सोललेली मान जवळून पाहिली.

"काकू, घासू नका. हा मळ न्हाई. अशी मान साखरेच्या आजाराची खूण असू शकती, आमाला शिकवलंय. पाणी लई पिती का ही?"

पीत होती. तांब्यावर तांब्या रिचवायची, सारखी लघवीला उठायची, दुपारी मेल्यासारखी झोपायची. आम्ही तिला आळशी म्हणत होतो.

"साखर म्हाताऱ्यांना व्हती," माय कडाडली. "पाहुण्यांच्या कानावर गेलं तर कोण करंल हिला? काहून आमच्या मुळावर उठलीस?"

ज्योतीनं माझ्याकडं पाहिलं. घरात बारावी शिकलेली मी एकटी. मी म्हणाले, "पाहुणे जाऊ दे ज्योती, मग नेतो तपासायला."

दोन दिवसांत त्या सोललेल्या जागी फोड आला. मायनं त्यात हळद भरली. आमच्या हळदीवर तिचा डॉक्टरपेक्षा जास्त विश्वास. फोडाचं लिंबाएवढं गळू झालं, मान वळेना, अंगात ताप भरला. तशातच आम्ही तिला साडी नेसवली, पदर मानेपर्यंत ओढला आणि पाटावर बसवली. ती खाली मान घालून बसली. पाहुण्यांना वाटलं, पोरगी लाजाळू आहे. त्यांनी तिथंच पसंती सांगितली.

त्यांची गाडी वळते न वळते तोच ती चहाचे कप उचलताना कोसळली.

नांदेडच्या दवाखान्यात साखर पाचशेच्या वर निघाली. गळवाचं विष रक्तात उतरलं होतं. डॉक्टरीणबाई वयानं माझ्याएवढ्याच. म्हणाल्या, "शरीरात इन्सुलिन असून ते लागू पडत नाही, तेव्हा कातडी अशी काळी आणि जाड होते. दोन-चार वर्षं ही मान सांगत असणार. कुणीच तपासलं नाही?" मायनं माझ्याकडं पाहिलं, मी फरशीकडं. तिसऱ्या दिवशी सत्यशीला गेली.

भेटायला बाया आल्या. माझ्या सासरची माणसंही आली होती. एकीनं डोळे पुसत विचारलं, "काय झालं व्हतं वं पोरीला?"

"ताप," माय म्हणाली. "डोक्यात गेला."

दाराशी ज्योती बसली होती. ती माझ्याकडं बघत राहिली. खरं सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. पण समोर सासूबाई होत्या आणि मांडीवर माझी सात वर्षांची राजनंदिनी. घराण्यात साखर आहे म्हटलं की उद्या हिच्या लग्नात ते निघणार. आणि त्या न्हाणीत हात कुणी धरले होते, तेही सांगावं लागलं असतं.

"व्हय," मी म्हणाले, "तापच व्हता."