मालकाचं पत्र

अमेरिकेतल्या विद्यापीठानं पौर्णिमाला प्रवेश दिला, पण पैशाचं नाव काढलं नाही. संत्र्याच्या झाडांच्या रोगांवर दोन वर्षांचं शिक्षण, आणि खर्च असा की शेंदूरजनाघाटात तो आकडा मोठ्यानं वाचायची कुणाची छाती नव्हती. तिच्या बापानं, पुंजारामनं, तो ऐकला, चहा संपवला आणि म्हणाला, "वरचा बगीचा इकून टाकू. जाय तू."

"बगीचा इकला तर मी जात नाई," पौर्णिमानं सांगून टाकलं. त्याच झाडांसाठी तर ती शिकायला निघाली होती.

उरली एकच वाट, असिस्टंटशिप. प्राध्यापकाच्या हाताखाली संशोधनाचं काम करायचं, फी माफ, वर खर्चापुरता पगार. जागा एकच होती आणि ती आपलीच, असं पौर्णिमानं धरूनच ठेवलं होतं. स्वभावच तसा. अकोल्याला एमएस्सीत पहिली आली तेव्हा पेढे निकालाच्या आदल्या दिवशीच आणून ठेवले होते बाईंनी.

आलं मात्र भलतंच. गुण उत्तम, पण शेतातला प्रत्यक्ष अनुभव नसलेल्याला ही जागा देता येत नाही, काही सांगायचं असल्यास शुक्रवारपर्यंत कळवा.

तिनं अकोल्याच्या आपल्या सीमा मॅडमना फोन लावला. मॅडमनी अर्ज मागवून वाचला आणि विचारलं,

"अनुभवाच्या रकान्यात काही नाही असं काहून लिहिलं?"

"मी नोकरी कुठं केली, मॅडम?"

"मग बगीच्यात सहा वर्षं काय करून राहिली होती?"

"ते तर घरचं काम आहे."

आता हिला काय म्हणावं! दुसऱ्याच्या शेतात आठ दिवस निंदलं तर ते काम, आणि स्वतःच्या शेतात हाडं झिजवली तर ते घरचं, आणि त्यातून पोरगी असली की बघायलाच नको. डिंक्या रोगानं खोडातून डिंक गळू लागला की हीच झाडाशी बसायची. आईच्या, पार्वताबाईच्या, जुन्या लुगड्यांच्या चिंध्या बांधायची. लाल म्हणजे आजारी, हिरवी म्हणजे सुधारलेलं. कोणत्या झाडाला कधी काय लावलं, हे सहा वह्यांत लिहिलेलं होतं. आणि अर्जात त्यातलं अक्षरही नाही.

"वह्यांचे फोटो पाठव," मॅडम म्हणाल्या. "आणि जिथं काम केलं तिथल्या मालकाचं पत्र जोड."

मालक पडवीत ठिबकची नळी दुरुस्त करत बसले होते. विद्यापीठाच्या फॉर्मवरचा एकेक प्रश्न पौर्णिमा मोबाइलवर वाचू लागली. बाप बोलेल ते जसंच्या तसं इंग्रजीत लिहायचं, वर पदरचं काही घालायचं नाही, हे तिनं ठरवलं होतं.

"पगार किती देत होते?"

"देल्ला नाई. लिव तसंच."

"उमेदवाराचे दोष?"

"आयकत नाई कोनाचं. मी म्हनलं, झाडं गेली, तोडून टाका. हे आडवी झाली. चाळीस झाडं वाचवली माह्या मनाविरुद्ध."

"त्रेचाळीस," पार्वताबाई चुलीपासून म्हणाली.

सहा वर्षांत बापानं 'बरं केलं' एवढंही म्हटलं नव्हतं. पौर्णिमाचे डोळे भरून आले आणि दोनदा चुकीचं बटण दाबलं गेलं.

"या व्यक्तीला पुन्हा कामावर घ्याल का?"

पुंजारामनं नळी खाली ठेवली. "घेतो. पन आत्ता नाई. पह्यले तिले शिकू द्या. तिची जागा मी कोनाले देत नाई."

तिनं तेही लिहिलं आणि गुरुवारीच पाठवून दिलं.

मंगळवारी उत्तर आलं. असिस्टंटशिप मिळाली. बगीचा राहिला. ती पेढे आणायला चपला घालू लागली, तर पार्वताबाईनं फडताळातून डबा काढला.

"गुरुवारीच आनून ठेवले तुह्या बापानं. मले म्हने, सांगू नको."

पेढे जरा कडक झाले होते. एक तोंडात घालून पौर्णिमानं प्राध्यापकाच्या पत्रातली शेवटची ओळ बापाला वाचून दाखवली. तुमचे मालक तुम्हाला दोन वर्षं सोडायला तयार आहेत ना, एवढं विचारून कळवा.

पुंजारामनं वरच्या बगीच्याकडे पाहिलं.

"दोन वर्सं," तो म्हणाला. "त्याच्यावर एक दिवस नाई. लिव तसंच."