तीनशेचे चव्वेचाळीस

मी साठ आकड्यांची एक रांग बोलतेय. बॉयलरच्या खोलीतली डबी दर सेकंदाला तिथला विषारी वायू मोजते आणि मिनिटाचे साठ आकडे बांधून बाहेरच्या पडद्यावर पाठवते. त्या वायूला वास नसतो. आत जावं की नाही, हे माणसं आमच्याकडे बघूनच ठरवतात.

आम्हा रांगांना बॉयलर सांभाळणाऱ्या दादाने घडवलं. आधी प्रत्येक आकडा गळ्यात चिठ्ठी अडकवून निघायचा: मी आकडा आहे, एवढा मोठा आहे. जुन्या डबीला ते ओझं झेपेना. निरोप अर्ध्यात तुटायचे.

"एका घरात साठ माणसं," दादा जेवताना धाकट्या भावाला म्हणाला, "प्रत्येकाच्या गळ्यात पत्ता कशाला? दारावर एकच पाटी लावू."

"पाटीवर काय लिहिणार?" धाकटा टेम्पो चालवायचा. शाळा सातवीतच सुटलेली.

"किती आकडे, आणि एकेकाला किती खण. बस्स."

त्याने लिहिलं: साठ आकडे, प्रत्येकाला एक खण. एका खणात दोनशे पंचावन्नपर्यंतच मावतं. दोन खण दिले असते तर हजारो मावले असते. पण तिथे आकडा कधी ऐंशीच्या वर गेलाच नव्हता. "रिकाम्या खणांची हमाली कोण करणार?" म्हणाला. आम्ही आटोपशीर झालो, एका दमात पोचू लागलो.

मी मंगळवार दुपारची रांग. धुराडं तुंबलं होतं. शंभरच्या पुढे भोंगा वाजतो. तो वाजत होता. सगळे बाहेर आले. दादा पंखा लावून पडद्यासमोर उभा राहिला. माझे आकडे चढत गेले आणि शेवटी तीनशे आला. खणात मावेना. दोनशे छपन्न गळून पडले, चव्वेचाळीस उरले. मी तेच पोचवले. भोंगा थांबला.

"उतरला बघ," दादा म्हणाला आणि इंधनाची झडप बंद करायला आत गेला. तो बाहेर आलाच नाही.

चौथ्या दिवशी कारखान्याच्या साहेबांनी धाकट्यापुढे सहीसाठी कागद सरकवला. "आकडा चव्वेचाळीस होता. हृदयच बंद पडलं असणार."

"माझ्या दादाचं? बैल आहे तो! बैल होता…" त्याने टेबलावर मूठ आपटली. "कोणामुळे मेला ते सांगा. नाव सांगा!"

दादाबरोबर काम करणाऱ्या ताईने मला पडद्यावर उघडलं. धाकट्याने बोट ठेवून वाचलं. दोनशे अठ्ठेचाळीस, दोनशे त्रेपन्न, दोन, नऊ…

"साहेब, नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णवनंतर माझ्या टेम्पोचा मीटर शून्यावर आला. गाडी काय नवी झाली?"

ताईचा चेहरा पांढरा पडला. "खण भरून सांडला," ती पुटपुटली. "पाटी कोणी लिहिली होती?"

धाकट्याला ते माहीत होतं. ज्याचा गळा धरायला आला होता, त्याला त्यानेच खांदा दिला होता. बाहेर बाकावर आई बसलेली. तिलाही नाव हवं होतं. गप्प बसला असता तरी चाललं असतं, साहेबांचा कागद तयारच होता. पण अशाच डब्या आणखी अकरा बॉयलरांवर होत्या.

"दादाने," तो म्हणाला. "बदला ती. आत्ता. बाराच्या बारा." आणि ढसाढसा रडला.

ताईने तिथेच प्रत्येक आकड्याला दोन खण दिले. "ही चुकीची रांग पुसू?"

"हात लावू नका तिला."

बाहेर जाऊन त्याने आईला नाव सांगितलं. तिने त्याच्या थोबाडीत मारली आणि मग त्याच्याच अंगावर कोसळली.

मी अजून आहे. रांगा बांधताना जागा जरूर वाचवा, पण जो आकडा अजून कधी आलेला नाही, त्याच्यापुरतीही थोडी ठेवा. मला मात्र दुरुस्त करू नका. दादाने शेवटचं पाहिलं ते मला. चव्वेचाळीस बघून तो हसला होता.